आधी चिप, मग लस, मग रक्त

या महिन्यात 'वाचक विचारतात' सदराकडे आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच गोष्टीची होती: घरातलं कोणी परदेशी निघालंय, कुत्र्या-मांजराचं काय? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न : मुलगा सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी म्युनिकला गेला. त्याचा चार वर्षांचा लॅब्रेडोर आमच्याकडे आहे. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर होते, पुस्तिका आहे. ओळखक्रमांकाची चिप मात्र बसवलेली नाही. दिवाळीच्या सुमारास कुत्र्याला त्याच्याकडे पाठवता येईल का? आत्ता मे चालू आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : येईल, पण हातात वाटतो तेवढा वेळ नाही. तुमची पुस्तिका कितीही नीट ठेवलेली असली, तरी युरोपच्या लेखी तुमच्या कुत्र्याला आजवर एकही लस मिळालेली नाही. चिप बसवल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर दिलेलीच रेबीजची लस तिथे मोजतात. कारण साधं आहे. चिप नसताना लस टोचली ती याच कुत्र्याला की शेजारच्या, हे कागदावरून कळत नाही.

म्हणून क्रम ठरलेला: आधी चिप, मग लस, मग रक्त. चिप आणि लस एकाच दिवशी, एकाच बैठकीत झाली तरी चालते, मात्र पुस्तिकेत चिपची तारीख लसीच्या नंतरची पडता कामा नये.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ मानकांची, १५ अंकी हवी. डॉक्टरांना टोचण्याआधी पाकिटातली चिप स्कॅनरने वाचायला सांगा, टोचल्यावर पुन्हा वाचायला सांगा आणि आकडा पाकिटावरच्या स्टिकरशी स्वतः जुळवा. एक स्टिकर पुस्तिकेत जाईल, उरलेले जपून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जाला लागतात. पंधरा अंक हाताने उतरवताना दोन आकड्यांची अदलाबदल होणं, हे कागद परत येण्याचं सगळ्यात सामान्य कारण. चिप दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात, पण सैल कातडीच्या कुत्र्यात ती कधीकधी सरकत खांद्यावर किंवा कोपराकडे जाते. स्कॅनर मानेवर वाजला नाही तर घाबरू नका, दोन्ही बाजूंना खालपर्यंत फिरवायला सांगा.

भारत युरोपियन संघाच्या रेबीजसाठीच्या मान्य देशांच्या यादीत नसल्यामुळे इथून जाणाऱ्या प्राण्याची रक्तचाचणी लागते. रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं आहेत का, हे तीत पाहतात. किमान पातळी ०.५ आययू प्रति मि.लि. रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी काढायचं, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय प्राणी युरोपात शिरू शकत नाही. पुष्कळजण हे तीन महिने अहवालाच्या तारखेपासून मोजतात आणि विनाकारण महिनाभर थांबतात. उलट काहीजण लसीपासून मोजतात आणि विमानतळावर अडकतात.

तुमच्यासाठी हिशेब असा. ५ जूनला चिप आणि लस. ८ जुलैला रक्त. ८ ऑक्टोबरनंतर प्रवास. दिवाळी गाठता येते. पण अहवाल ०.५च्या खाली आला तर जुलैअखेर पुन्हा लस, ऑगस्टअखेर पुन्हा रक्त आणि प्रवास थेट नोव्हेंबर संपताना. त्यामुळे ठाम तिकीट अहवाल हातात आल्यावरच काढा. एकदा पास झालेली चाचणी मात्र जन्मभर चालते, पुढची प्रत्येक लस आधीच्या लसीची मुदत संपण्याआधी दिली असेल तरच. एक दिवसाचाही खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बूस्टरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनाने लिहा.

आता पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी अडचण तिथेच आहे. मुलगा आधीच तिकडे गेलाय. युरोपच्या नियमानुसार घरगुती पाळीव प्राण्याचा प्रवास आणि मालकाचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. अंतर वाढलं की तो प्रवास व्यापारी समजला जातो, प्रमाणपत्र वेगळं, तपासणी वेगळी, खर्चही वेगळा. तुम्ही मुलाचं लेखी अधिकारपत्र घेऊन कुत्र्याला नेऊ शकता, तरी मुलाचा स्वतःचा प्रवास त्या पाच दिवसांच्या आत झालेलाच हवा. सोपा मार्ग म्हणजे मुलाने दिवाळीला घरी यावं आणि परतताना कुत्र्याला सोबत न्यावं. त्याची रजा आत्ताच ठरवून ठेवा. बाकी सगळी तारीखवारी त्या रजेभोवती बसवायची आहे.

प्रश्न : आमची मांजर इंग्लंडला न्यायची आहे. रक्तचाचणीचा अहवाल ०.३ आला. मांजर ठणठणीत आहे, लसही वेळेवर दिली होती. प्रयोगशाळेची चूक असेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बहुधा नाही. जिला आयुष्यात पहिल्यांदाच रेबीजची लस मिळाली आहे अशा मांजरीत एका डोसने प्रतिपिंडं वर जातात आणि काही आठवड्यांत पुन्हा उतरू लागतात. लसीनंतर अडीच-तीन महिन्यांनी रक्त काढलं असेल तर उतरती पातळी सापडते. अशा प्राण्याला तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावेत आणि दुसऱ्या डोसनंतर ३० दिवस झाले की लगेच, फार न रेंगाळता, रक्त काढावं. नापास होण्याचं प्रमाण यानेच सगळ्यात कमी होतं. मांजर आजारी आहे किंवा लस बनावट होती, असा अर्थ ०.३ मधून काढू नका. तुमचा तीन महिन्यांचा काळ मात्र नव्या रक्ताच्या तारखेपासून नव्याने सुरू होईल.

दुसरी शक्यता नमुना बिघडण्याची, आणि ती आपल्याकडे खरी आहे. चाचणी सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवावर होते, अख्ख्या रक्तावर नाही. मालवणहून सीरम वेगळं न करता रक्तच बर्फात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईला धाडलं, तर लाल पेशी वाटेत फुटतात आणि सीरम गुलाबी होऊन पोचतं. असा नमुना प्रयोगशाळा नाकारते किंवा निकाल भरवशाचा राहत नाही. करायचं ते असं: गोठू न देणारं औषध नसलेल्या साध्या नळीत, लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या, तीन मि.लि.च्या आसपास रक्त घ्यायचं. नळी अर्धा-पाऊण तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम, किमान एक मि.लि., दुसऱ्या स्वच्छ नळीत काढायचं. पशुवैद्यकाकडे यंत्र नसेल तर गावातल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते असतं, आधी विचारून ठेवा. नळीवर चिपचा पूर्ण क्रमांक हवा, नुसतं 'मनी' लिहून भागत नाही. सीरम मात्र थंड पेटीतून निर्धास्त जातं.

प्रयोगशाळा युरोपियन संघाच्या मान्य यादीतलीच निवडा, ब्रिटनलाही तीच चालते. मांजरीला जंताच्या औषधाची अट नाही. कुत्रा असता तर ब्रिटनमध्ये पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या खिडकीत पशुवैद्यकाने फीतकृमीचं औषध देऊन वेळेसह नोंद करावी लागली असती. आणि विमानाने ब्रिटनमध्ये शिरणारा पाळीव प्राणी साधारणपणे कार्गो म्हणूनच येतो, मांडीवर घेऊन नव्हे. त्यामुळे पिंजऱ्याची सवय तुमच्या मांजरीलाही लावायचीच आहे.

प्रश्न : तयार पिंजरे फार महाग सांगतात. घरी फणसाच्या फळ्या पडून आहेत, गावात सुतार चांगला आहे. करून घेतला तर चालेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : सुतार चालेल, फणस नाही. कच्च्या लाकडाचा पेटारा परदेशी पाठवायचा तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आणि तसा आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेलं लागतं, कारण लाकडातून कीड जाते. प्लायवुडला ही अट नाही. तेव्हा फळ्या देव्हाऱ्याला ठेवा आणि पिंजरा प्लायचा करा, किंवा जाड प्लॅस्टिकचा तयार घ्या.

माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सूत्राने काढतात. कुत्रा सरळ उभा असताना चार मापं घ्या. अ म्हणजे नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. ब म्हणजे जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत. क म्हणजे खांद्यांची रुंदी. ड म्हणजे जमिनीपासून डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत. पिंजऱ्याची आतली लांबी अ अधिक ब-चा निम्मा, रुंदी क-च्या दुप्पट, उंची ड अधिक अंथरुणाची जाडी. समजा अ ७० सेंमी, ब ३४, क २४ आणि ड ६२ आहे. लांबी ७० अधिक १७ म्हणजे ८७, रुंदी ४८, उंची ६२ आणि वर तीनेक सेंमीचं अंथरूण धरून ६५. ही मापं आतली आहेत. सुतार सवयीने बाहेरचं माप धरतो आणि प्लायची जाडी आतून खातो. दोन सेंटिमीटरनी कमी पडलेला पिंजरा कार्गोच्या काउंटरवर परत पाठवतात, कुत्र्यासकट. चपट्या नाकाच्या जातींना प्रत्येक माप दहा टक्क्यांनी वाढवा.

हवेची छिद्रं चारही बाजूंना हवीत, नाक किंवा पंजा बाहेर येणार नाही इतकी लहान. दार धातूच्या जाळीचं, कडीसह. कुलूप लावायचं नाही, आणीबाणीत कर्मचाऱ्यांना उघडता आलं पाहिजे. तयार प्लॅस्टिकच्या पिंजऱ्याचे वरचे-खालचे भाग नुसत्या प्लॅस्टिकच्या खटक्यांनी जोडलेले असतात, तिथे धातूचे नट-बोल्ट घाला. चाकं असतील तर काढा. पाण्याची आणि खाण्याची अशा दोन वाट्या दाराला आतून अशा बसवा, की दार न उघडता बाहेरून भरता येतील. आदल्या रात्री पाण्याची वाटी फ्रीजरमध्ये गोठवून ठेवली तर चढउतारात पाणी सांडत नाही आणि वितळत वितळत पुरतं. तळाला शोषून घेणारं पॅड घाला, भाताचा पेंढा किंवा गवत नको, पुष्कळ देश ते उतरू देत नाहीत. बाहेर 'लाइव्ह अ‍ॅनिमल'चं लेबल आणि उभा कसा धरायचा त्याचे बाण.

पिंजरा प्रवासाच्या निदान सहा आठवडे आधी घरात आणा आणि दार काढून पडवीत ठेवून द्या. पहिले काही दिवस फक्त त्याचं ताट आत सरकवा. तो आपण होऊन आत झोपायला लागला की दार लावा, पाच मिनिटं, मग वीस, मग रात्रभर. पावसात पत्र्यावर पाऊस वाजत असताना आत शांत झोपणारा कुत्रा विमानाच्या घरघरीला फारसा भीत नाही. गुंगीचं औषध मात्र देऊ नका. रक्तदाब उतरतो, कुत्र्याला तोल सावरता येत नाही, आणि आत कोणी पाहायला नसतं. गुंगीतला प्राणी दिसला तर विमान कंपनी तो घेतच नाही. घरात 'थोडंसं देऊ या' म्हणणारं कोणीतरी असतंच, त्याला आधीच समजावून ठेवा.

प्रश्न : पग अमेरिकेला न्यायचा आहे. तो पाच महिन्यांचा आहे. मुलाची सुट्टी संपतेय, पुढच्या महिन्यात जमेल?
— एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्रा येऊच शकत नाही. शिवाय भारत कुत्र्यांच्या रेबीजसाठी जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. त्यामुळे चिप, लसीचं आणि चिपचं सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेलं पत्रक, सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल आणि पोचण्याच्या विमानतळावरच्या सीडीसी-नोंदणीकृत प्राणी केंद्राचं आगाऊ आरक्षण, हे सगळं लागतं. अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर आहेत, म्हणून तिकीट त्या विमानतळाचंच हवं. इथलं रक्त प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं चालतं, तेव्हा युरोपपेक्षा वाट कमी पाहावी लागते. अहवाल नसेल तर कुत्रा २८ दिवस तिथे वेगळा ठेवतात, तुमच्या खर्चाने.

पगचा प्रश्न त्याहून मोठा. आखूड नाकाच्या कुत्र्याची श्वासनलिका आधीच चिंचोळी असते, उकाड्यात आणि भीतीने धाप लागली की त्याला शरीर थंड करता येत नाही. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांना पुष्कळ विमान कंपन्या कार्गोत घेतच नाहीत. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कंपनीकडून जातीचं नाव लिहून लेखी होकार घ्या, फोनवरचा होकार काउंटरवर उपयोगी पडत नाही. मुलाला आत्ता एकट्याला जाऊ द्या. पग थंडीत, रात्रीच्या विमानाने जाईल.

प्रश्न : सगळी कागदपत्रं झाली. आता रत्नागिरीहून मुंबईपर्यंत कुत्रा कसा न्यायचा आणि किती दिवस आधी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण आणि प्रमाणन सेवेच्या कार्यालयातून मिळतं. अशी कार्यालयं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. आपल्याला मुंबई. अर्जाबरोबर पासपोर्ट, तिकीट, लसीची पुस्तिका, चिपचा पुरावा, रक्ताचा अहवाल आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं पत्र लागतं, आणि प्राणी प्रत्यक्ष दाखवावा लागतो. युरोपसाठीचं प्रमाणपत्र पोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलंच हवं, म्हणून फार आधी जाऊनही उपयोग नाही. चार-पाच दिवस आधी मुंबईत पोचा. मधे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या बघा. शुक्रवारी दुपारी एक आकडा चुकलेला सापडला तर सोमवारपर्यंत तो तसाच राहतो.

रेल्वेत कुत्रा एसी टू टियर, थ्री टियर किंवा स्लीपरमध्ये नेता येत नाही. एसी फर्स्ट असलेल्या गाडीत पूर्ण कूपे किंवा पूर्ण केबिन तुमच्या नावावर असेल तरच सोबत बसतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या श्वानपेटीत. पार्सल कार्यालयात आधी नोंदणी करायची, २४ ते ४८ तासांतलं तंदुरुस्तीचं पत्र जवळ ठेवायचं. श्वानपेटी उन्हाळ्यात तापते आणि कुत्रा एकटा पडतो, शक्य असेल तर टाळा. गाडीने जायचं तर पहाटे निघा, पिंजरा मागे आडवा बांधा, दर दोन-तीन तासांनी पाणी आणि पाय मोकळे करणं. जुलै-ऑगस्टात घाटात दरड आली की रस्ता किती वेळ बंद राहील सांगता येत नाही. म्हणून त्या महिन्यांत एक दिवस जास्त धरा. गणपतीच्या आठवड्यात तर हा प्रवास ठेवूच नका. तेव्हा गाडीत माणसालाच जागा मिळत नाही.

आणखी एक. पावसाळ्यात आपल्याकडच्या कुत्र्यांवर गोचीड सुटतात आणि टिक फीवर आत चोरपावलांनी वाढतो. वरून कुत्रा खातो-पितो, आतून प्लेटलेट घसरलेले असतात. प्रवासाआधी तीन आठवडे एक साधी रक्ततपासणी करून घ्या, उपचाराला वेळ हाताशी राहतो. अंगावर एक गोचीड दिसला तरी तंदुरुस्तीचं पत्र अडतं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात स्वतः बघा, तिथेच ते लपतात.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाला कुत्रा थेट नेता येतो का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : भारतातून थेट नाही. आधी ऑस्ट्रेलियाने मान्य केलेल्या एखाद्या देशात नेऊन तिथली तयारी पूर्ण करावी लागते, आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी केंद्रात विलगीकरण. वर्षभराचं नियोजन धरा. जपानला थेट नेता येतं, पण दोन लसी, रक्तचाचणी आणि रक्ताच्या तारखेपासून १८० दिवस. पोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या विलगीकरण कार्यालयाला सूचना.

प्रश्न : दुबईला बदली झाली. घरी मिठू आहे, बारा वर्षांचा, मुलांनी वाढवलेला. आणि एक रॉटवायलर.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : मिठू हिरवा, गळ्याला कंठ असलेला आपला पोपट असेल तर त्याला परदेशी नेणं दूरच, घरी पाळणंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा आहे. वन विभागाशी बोला. इतकी वर्षं माणसात राहिलेला पक्षी नुसता पिंजरा उघडून रानात सोडला तर जगत नाही, म्हणून ते मात्र करू नका. आफ्रिकन ग्रे असेल तर वेगळं. तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याची नोंदणी आणि परवाने आधी लागतात, आणि कागद नसतील तर ते नव्याने उभे करता येत नाहीत.

अमिरातीत कुत्रा-मांजर न्यायला तिथला आयात परवाना आधी घ्यावा लागतो, आणि पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या काही जातींना तो मिळतच नाही. संकर आहे म्हणून सुटका होईल असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका.

प्रश्न : कुत्रा तेरा वर्षांचा आहे, हृदयाचं औषध चालू आहे, रात्री खोकतो. आम्ही मुलीकडे कॅनडाला कायमचे चाललोय. त्याला नेण्यासाठी किती आधी तयारी करावी?
— एक वाचक, देवगड

उत्तर : तयारीचा हिशेब सांगता येईल, पण नेऊ नका असंच म्हणावं लागेल. देवगडहून मुंबई, कार्गोत चार-पाच तास, मग लांबचं विमान, मधे बदल. चोवीस तासांच्या आसपास तो पिंजऱ्यात एकटा असेल आणि रात्रीच्या औषधाची वेळ चुकेल. खोकणाऱ्या, हृदय थकलेल्या कुत्र्याला हे झेपणं कठीण. तरीही न्यायचाच तर आधी छातीचा एक्सरे, हृदयाची सोनोग्राफी आणि मूत्रपिंडाची तपासणी करून मगच पशुवैद्यकाला विचारा, आणि नाही म्हणाले तर दुसऱ्याकडे जाऊ नका.

ठेवून जायचं असेल तर ओळखीच्या घरी ठेवा, शक्यतो त्याच वाडीत, जिथले वास आणि आवाज त्याला माहीत आहेत. तुम्ही असतानाच दोन महिने आधीपासून त्याला तिथे संध्याकाळी नेत जा, जेवण तिथेच द्या. औषधांची वेळ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, गोळ्या तीन महिन्यांच्या आगाऊ आणून ठेवा, दरमहाचे पैसे कोणी द्यायचे ते ठरवा. तुमची एक वापरलेली, न धुतलेली चादर त्याच्या जागी अंथरून जा.